न दिसणारा सांधा

व्यापारात मोठे होणे म्हणजेच यशस्वी होणे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. एका दुकानाची दोन दुकाने झाली, दोनांची चार झाली, की घरातील वडीलधारी माणसे समाधानाचा नि:श्वास सोडतात. त्यात चुकीचे काही नाही. परंतु काही धंदे असे असतात की ते एका माणसाच्या हाताएवढेच वाढू शकतात. त्याहून अधिक वाढवू गेल्यास त्यांचा मूळ गुणच नाहीसा होतो. अशा धंद्याचे अर्थकारण कसे चालते आणि कोठे फसते, हे समजून घेणे मोठ्या पेढीच्या मालकालाही उपयोगाचे आहे. या महिन्याच्या लेखासाठी म्हणूनच थोडा आडवळणाचा विषय निवडला आहे. तो म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने पोलादी सायकलची फ्रेम हाताने घडवून देणाऱ्या कारागिरांचा.

आपल्याकडे सायकल म्हणजे कारखान्यात लाखांनी तयार होणारी वस्तू. लुधियानाच्या हीरो सायकल्सची 1986 साली जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नोंद झाली, याचा आपल्याला अभिमान आहे. अशा या जगात एखादा माणूस एका खोलीत बसून महिन्याला दोन-तीन फ्रेम तयार करतो, कारखान्याच्या सायकलीच्या कित्येक पट किंमत सांगतो आणि गिऱ्हाईक ती आनंदाने देऊन वर वर्षभर वाट पाहते, हे प्रथमदर्शनी पटत नाही. तरीही इंग्लंड, इटली, जपान आणि अमेरिका येथे हा व्यवसाय कित्येक दशके टिकून आहे.

या धंद्याचा कच्चा माल म्हणजे पोलादी नळी. तिची कथा इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात सुरू होते. तेथील रेनॉल्ड्स हे घराणे मूळचे खिळे तयार करणारे. 1897 साली आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी एका विशिष्ट नळीचे पेटंट घेतले. सायकलच्या फ्रेमवर सर्वाधिक ताण येतो तो नळ्यांच्या टोकांशी, म्हणजे जोडाजवळ. मध्यभागी तो पुष्कळच कमी असतो. म्हणून टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशी नळी त्यांनी काढली. बाहेरून ती सारख्याच व्यासाची दिसते, जाडीतला फरक असतो तो आतून. चांगल्या फ्रेमच्या नळीत ही जाडी टोकाशी 0.8 मिलिमीटर आणि मध्यभागी अवघी 0.5 मिलिमीटर असू शकते. पुढे 1935 साली याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘531’ या नावाची नळी बाजारात आणली आणि ती पुढील कित्येक वर्षे उत्तम सायकलीची खूण मानली गेली. इटलीत हेच स्थान मिलान शहरातील कोलंबस या कंपनीने मिळवले. ती 1919 साली सुरू झाली होती.

येथे आपल्या देशाशी असलेला एक धागा सांगण्याजोगा आहे. रेनॉल्ड्स कंपनी 1928 साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या इंग्रजी उद्योगसमूहात सामील झाली. याच समूहाच्या सहकार्याने मुरुगप्पा घराण्याने 1949 साली मद्रासमध्ये सायकलीचा कारखाना उभा केला. हर्क्युलिस आणि बी. एस. ए. या त्यांच्या सायकली आपल्या वाडवडिलांनी दुकानाच्या वसुलीसाठी गावोगाव चालवल्या. कारखान्याची साधी सायकल आणि शर्यतीची नाजूक फ्रेम ही एकाच उद्योगसमूहाच्या छताखाली नांदणारी दोन टोके होती.

आता कारागिराच्या कामाकडे वळू. कारखाना साधारणपणे पाच-सहा मापांच्या फ्रेम काढतो आणि गिऱ्हाइकाने त्यांतली जवळची निवडायची असते. बहुतेकांचे त्यावर भागतेही. परंतु फार उंच, फार ठेंगण्या, किंवा पाय लांब आणि धड आखूड अशा माणसांची अडचण होते. ठेंगण्या माणसासाठी फ्रेम नुसतीच लहान केली, तर वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. तो लागू नये म्हणून पुढच्या नळीचा कोन, चिमट्याचा बाक आणि वरच्या नळीची लांबी यांचा एकत्र विचार करावा लागतो. वजनदार माणसाला जाड नळी लागते, हलक्याला पातळ चालते. कोणी शर्यतीसाठी सायकल मागतो, तर कोणी सामान लादून महिनाभराच्या प्रवासाला निघणार असतो. कारागीर मापे घेतो, प्रश्न विचारतो आणि कागदावर आकृती काढतो. एका अंशाच्या फरकाने सायकलीचा स्वभाव बदलतो.

मग नळ्या कापल्या जातात. एक नळी दुसरीला जेथे भिडते तेथे तिचे तोंड अर्धगोलाकार कोरावे लागते. कानशीने घासत घासत ते इतके नेमके बसवावे लागते, की जोड उजेडासमोर धरला तर फटीतून प्रकाश दिसू नये. जुन्या पद्धतीत हे जोड ‘लग’ नावाच्या पोलादी टोपणात बसवतात. सांधे स्वच्छ करून त्यांवर टाकणखारासारखा द्रावक लावतात आणि ज्योतीने तापवतात. पितळी जोडासाठी सुमारे 900 अंश सेल्सिअस तापमान लागते, चांदीमिश्रित जोडासाठी 700 अंशांच्या आसपास. नळी आणि लग यांच्यामध्ये जेमतेम 0.1 मिलिमीटर फट ठेवलेली असते. वितळलेला धातू या फटीत आपोआप ओढला जातो, जशी दिव्याची वात तेल ओढते तसा. आपल्या सराफकट्ट्यावर सोनार डाग देताना जे करतो, त्याच जातीचे हे काम आहे.

या कामातील मर्माची गोष्ट अशी. धातू लगच्या एका कडेने भरला जातो आणि तो आत सर्वत्र पसरून दुसऱ्या कडेशी दिसू लागला, म्हणजे जोड भरला असे मानतात. पण कारागिराने घाई केली, ज्योत एकाच जागी धरली किंवा स्वच्छता नीट केली नाही, तर धातू काठावरच थिजतो. आत पोकळी राहते. बाहेरची कड कानशीने घासून, वर रंगाचे थर चढवून फ्रेम तयार झाली, की चांगला जोड आणि पोकळ जोड यांत गिऱ्हाइकाला कणभरही फरक दिसत नाही. उलट जास्त तापवले, तर द्रावक जळतो आणि नळीचे पोलाद दुबळे होते. तेही दिसत नाही. दोष असलाच तर तो तीन-चार वर्षांनी, एखाद्या उतारावर, सायकलस्वाराच्या जिवावर बेतून प्रकट होतो.

याची जाणीव नळी विकणाऱ्यांनाही होती. 1970 च्या दशकात रेनॉल्ड्सने ‘753’ ही उष्णसंस्कारित, अतिशय पातळ नळी आणली. तिला पितळी जोडाची उष्णता सोसत नसे. चांदीचाच जोड हवा, तोही सांभाळून. म्हणून कंपनीने असा नियम केला, की ज्या कारागिराला ही नळी हवी असेल त्याने आपल्या हाताने केलेला जोड तपासणीसाठी पाठवावा. तो कसोटीला उतरला तरच त्याला नळी विकली जाई. विक्रेत्याने पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ‘आधी हात दाखव, मग माल घे’ असे सांगावे, हे व्यापाराच्या रूढ रीतीला सोडून आहे. पण फ्रेम मोडली असती तर कारागिराबरोबर नळीचेही नाव गेले असते. आपला माल पुढे कोणाच्या हाती पडतो याची काळजी करणे ही दूरदृष्टी होती.

जपानने हीच गोष्ट अधिक कडक केली. तेथे 1948 साली कोकुरा शहरात ‘केइरिन’ नावाची सायकल शर्यत सुरू झाली. या शर्यतीवर कायदेशीररीत्या पैसे लावले जातात. त्यामुळे सायकलींत कोणाला यांत्रिक लाभ मिळू नये यासाठी प्रत्येक भागाला मान्यता घ्यावी लागते आणि फ्रेम घडवणाऱ्यालाही. जगभरच्या शर्यतींत ॲल्युमिनियम व नंतर कार्बन आले, तरी जपानच्या पारंपरिक केइरिनमध्ये पोलादी फ्रेमच कायम राहिली. या नियमाने तेथील छोट्या कारागिरांच्या कित्येक कार्यशाळा जिवंत ठेवल्या. त्यांपैकी योशिआकी नागासावा यांचे नाव विशेष प्रसिद्ध आहे. ते तरुणपणी इटलीत गेले, तेथे सांते पोलिआगी आणि उगो दे रोझा या नामांकित कारागिरांच्या हाताखाली शिकले आणि 1976 साली परत येऊन त्यांनी ओसाका परिसरात स्वतःचे काम सुरू केले. त्यांच्या फ्रेमवर बसून कोइची नाकानो यांनी 1977 ते 1986 अशी सलग दहा वर्षे जागतिक स्प्रिंट विजेतेपद जिंकले.

ज्या इटलीत ते शिकले, तेथील दोन उदाहरणे व्यापाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावीत. मिलानच्या विगोरेल्ली या शर्यतीच्या मैदानात, धावपट्टीच्या खालीच, फालिएरो मासी यांची कार्यशाळा होती. मापात अचूक म्हणून लोक त्यांना ‘शिंपी’ म्हणत. मोठमोठे शर्यतपटू त्यांच्याकडून फ्रेम करवून घेत आणि वर रंग व नाव मात्र आपल्या पुरस्कर्त्या कंपनीचे लावत. काम एकाचे, नाव दुसऱ्याचे. जाणकारांना मात्र हात कोणाचा हे ठाऊक असे आणि त्या ओळखीवरच त्यांचा धंदा चाले. दुसरे उदाहरण एर्नेस्तो कोल्नागो यांचे. त्यांनी 1954 साली काम्बियागो या लहान गावात स्वतःचे दुकान थाटले. 25 ऑक्टोबर 1972 रोजी एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला, तो त्यांनी घडवलेल्या सायकलीवर. त्या पोलादी सायकलीचे संपूर्ण वजन पावणेसहा किलोच्या आसपास होते.

दोघांचे मार्ग पुढे वेगळे झाले. कोल्नागो यांनी कारखाना वाढवला, नवे पदार्थ स्वीकारले आणि ते जगभर पोहोचले. मासी यांनी 1973 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जाऊन आपल्या नावाचे हक्क तेथील व्यावसायिकांना विकले. मुलगा आल्बेर्तो मिलानच्या जुन्या कार्यशाळेत काम करीत राहिला. पण अमेरिकेत विकायच्या स्वतःच्या फ्रेमवर त्याला बापाचे नाव घालता येईना. आपल्या समाजात पेढीच्या नावाचे मोल किती असते हे वाचकांना सांगायला नको. भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा गोदाम, गाळे आणि रोकड यांचे हिशेब पैशांपर्यंत होतात. नाव कोणी वापरायचे आणि कोठे, हे मात्र कित्येकदा तोंडी राहते. ते लिहून ठेवावे, हा बोध मिलानच्या या घराण्यापासून घेण्याजोगा आहे.

आता या व्यवसायाच्या सर्वांत नाजूक भागाकडे येतो. तो ज्योतीपाशी नसून वहीत आहे. हाताने फ्रेम करणारा कारागीर मागणी घेताना विसार घेतो. नळ्या त्या गिऱ्हाइकाच्या मापाने कापल्या जाणार, दुसऱ्या कोणाला त्या चालणार नाहीत; तेव्हा विसार घेणे रास्तच आहे. नावाजलेल्या कारागिरांकडे वाट पाहणाऱ्यांची यादी कित्येक वर्षांपर्यंत लांबते. अमेरिकेतील रिचर्ड सॅक्स यांनी 1972 साली लंडनच्या विटकॉम्ब या कार्यशाळेत शिकून 1975 पासून स्वतःच्या नावाने काम केले. त्यांच्याकडेही यादी अशीच वर्षांच्या हिशेबाने मोजावी लागे. बाहेरच्याला वाटते, किती भाग्यवान माणूस! परंतु या यादीखाली दबून अनेक कुशल कारागिरांचे धंदे बुडाले आहेत.

ते कसे, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, एक कारागीर वर्षाला 24 फ्रेम करतो. किंमत एक लाख रुपये, विसार 30,000, उरलेले 70,000 माल देताना. पहिल्या वर्षी त्याचे नाव झाले आणि 40 मागण्या आल्या. विसाराचे 12 लाख आणि पूर्ण केलेल्या 24 फ्रेमचे उर्वरित 16 लाख 80 हजार, मिळून गल्ल्यात 28 लाख 80 हजार जमले. प्रत्यक्षात त्याने 24 लाखांचेच काम केले आहे. वरचे 4 लाख 80 हजार हे ज्या 16 गिऱ्हाइकांची फ्रेम अजून सुरूही झालेली नाही, त्यांचे आहेत. पण तो त्याला कमाई समजतो, नवे यंत्र घेतो, घरखर्च वाढवतो.

दुसऱ्या वर्षी बाजार मंदावतो आणि 15च मागण्या येतात. काम मात्र तेवढेच, 24 फ्रेम. विसार 4 लाख 50 हजार आणि उर्वरित रकमेचे 16 लाख 80 हजार, मिळून 21 लाख 30 हजार. हातांनी पूर्वीइतकेच कष्ट केले, तरी गल्ला साडेसात लाखांनी हलका झाला. त्यातच नळ्यांचे भाव चढलेले असतात, आणि जुन्या 16 जणांना भाव सांगितलेला असतो गेल्या वर्षीचा. आता नळ्या घ्यायलाच पैसे नाहीत. मग तो नव्या गिऱ्हाइकाच्या विसारातून जुन्याच्या नळ्या आणतो. एकदा हे चक्र सुरू झाले, की जुनी मागणी पुरी करण्यासाठी रोज नवी मागणी हवी असते. फोन उचलणे बंद होते, उत्तरे टाळली जातात आणि शेवटी एक दिवस दुकानाला कुलूप लागते. ज्याचे हात सोन्याचे होते, त्याच्या नावापुढे लोक ‘लबाड’ हा शब्द जोडतात. बहुधा त्याने कोणाला फसवायचे ठरवलेलेही नसते. त्याने फक्त ठेवीला कमाई मानले.

या धंद्यात जे टिकले, त्यांच्या रीती पाहिल्या तर त्या साध्याच आहेत. विसार कमी घ्यावा आणि तो वेगळ्या खात्यात ठेवावा. नळ्या कापायला घेण्याच्या वेळी दुसरा हप्ता मागावा, म्हणजे त्या गिऱ्हाइकाच्या पैशातूनच त्याचा माल येतो. दोन वर्षांनी होणाऱ्या कामाचा भाव आज बांधून देऊ नये; त्या वेळच्या दराने आकारणी होईल हे पहिल्याच चिठ्ठीत लिहावे. यादी ठराविक मर्यादेपलीकडे गेली, की नम्रपणे नकार द्यावा. आणि ज्याला कारखान्याची सायकल पुरेल त्याला तसे स्पष्ट सांगून परत पाठवावे. हा शेवटचा नियम तोट्याचा वाटतो, परंतु असा परतलेला माणूसच पुढे दहा जणांना त्या कारागिराकडे पाठवतो.

या सर्वांतून आपल्या पेढीवर काय न्यावे? आपल्यापैकी पुष्कळांच्या धंद्यात आगाऊ रक्कम येते. सराफाकडे दागिन्याच्या मजुरीसह सोन्याचे पैसे आधी येतात, कापडवाल्याकडे लग्नसराईचा विसार, बांधकाम व्यावसायिकाकडे घराचे हप्ते, क्लासवाल्याकडे वर्षाची फी. बँकेतील शिल्लक पाहून मन सुखावते. अशा वेळी खतावणीत एक रकाना वेगळा पाडावा आणि त्यात लिहावे, की या शिलकेतील किती रक्कम अद्याप न केलेल्या कामाची आहे. तेवढी रक्कम आपली नाही. तिच्यावर घर, गाडी किंवा नवी शाखा उभी करू नये. घरातील तरुण मुले आता हिशेब संगणकावर ठेवतात. त्यांना हा रकाना उघडायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. पण तो उघडा, असे त्यांना सांगणारे कोणीतरी असावे लागते.

दुसरी गोष्ट मालाच्या आतल्या बाजूची. प्रत्येक धंद्यात रंगाखाली झाकला जाणारा एक सांधा असतो. कापडाची आतली शिवण, मसाल्याची भट्टी, गोदामातील जुना साठा, औषधाच्या पेटीचे तापमान. गिऱ्हाईक तेथवर पोहोचत नाही, म्हणूनच त्याची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते. फ्रेम घडवणारा कारागीर धातू दुसऱ्या कडेशी उमटेपर्यंत ज्योत काढत नाही. आपल्या दुकानातील ती दुसरी कड कोणती आणि ती शेवटची कोणी, केव्हा तपासली, याचे उत्तर मालकाला नोकराला न विचारता देता आले पाहिजे.

वर्षाअखेरीस वही मिटवण्यापूर्वी वाचकांनी एक संध्याकाळ काढून या दोन गोष्टी घरातल्या सर्वांसमवेत पाहाव्यात. आगाऊ आलेल्या रकमांची यादी करावी, कोणाचे काम किती दिवस अडले आहे ते त्याच्या नावापुढे लिहावे, आणि ज्यांना उशीर झाला आहे त्यांना त्यांनी विचारण्याआधी आपणहून फोन करावा.